बाकड्यांचं तोंड रस्त्याकडे

आमच्या कॉलनीत हल्ली माझ्याबद्दल एक वाक्य फिरत असतं. पन्नाशी ओलांडली की बायका देवाकडे वळतात, या बाईनं देवाकडे पाठ केली. कुणी हसत म्हणतं, कुणी तोंड वाकडं करून. मी ते खोडून काढत नाही. केली आहे पाठ. पहार लावून, घाम गाळून केली आहे, आणि उद्या कुणी परत फिरवली तर मीही परत फिरवीन. फक्त लोकांना अर्धीच गोष्ट माहीत आहे. उरलेली अर्धी माझ्यापाशी होती, आणि ती मी कितीतरी दिवस गिळून बसले होते. मी मुळात कमी बोलणारी. ऑफिसात माझं टेबल आवक-जावकचं. आलेलं घ्यायचं, जायचं ते पाठवायचं, मधे आपलं काही घालायचं नाही. घरीही तसंच. पण आता लिहायला बसलेच आहे तर सगळं लिहिते.

जुन्या जालन्याच्या गल्ल्या जिथं संपतात आणि प्लॉटिंग सुरू होतं, तिथं आमची कॉलनी आहे. प्लॉटिंगच्या नकाशात एक चौकोन रिकामा सोडलेला असतो, त्याला सगळे ओपन स्पेस म्हणतात. तो रिकामाच ठेवला तर कुणीतरी गिळतो, म्हणून लोक सगळ्यात आधी तिथं मारुती बसवतात. आम्हीही बसवला. मग पत्र्याचं शेड झालं, दानपेटी आली, घंटा आली. एका निवडणुकीच्या आधी सिमेंटची दोन बाकडी आली. पाठीवर देणाऱ्याचं नाव एवढं मोठं की बाकडं नावासाठी केलंय की बसण्यासाठी, कळू नये. टेम्पोवाल्यानं जिथं उतरवली तिथंच ती राहिली. रस्त्याच्या कडेला, दिव्याच्या खांबाखाली, मारुतीकडे पाठ आणि रस्त्याकडे तोंड.

संध्याकाळी तिथं बायका बसायच्या. मेथी निवडायला घेऊन, लसूण सोलायला घेऊन, नातवाला घेऊन. हातात काहीतरी असायचंच. आपल्याकडे बाई नुसती बाहेर बसत नाही. बाजारात जायचं नसलं तरी हातात पिशवी असली की कुणी विचारत नाही कुठं निघाल्या म्हणून. मी कितीतरी वेळा नुसतं चालून यायचं म्हणून रिकामी पिशवी घेऊन निघाले आहे आणि रिकामीच घेऊन परत आले आहे. बाकड्यावर मात्र मी कधी बसले नाही. ऑफिसातून यायचं, बायकांकडे बघून हसायचं, घरात शिरायचं.

मग आमच्या मागच्या गल्लीत एका इमारतीच्या गच्चीवर, पत्र्याखाली, मुलींची अभ्यासिका निघाली. भोकरदन, परतूर, मंठा, कुठून कुठून आलेल्या मुली. कुणाची पोलीस भरती, कुणाची तलाठ्याची परीक्षा. दिवसभर पत्र्याच्या खाली पुस्तकात डोकं घालायचं आणि दिवेलागणीला खाली उतरून बाकड्यांवर डबे उघडायचे. माझी पुतणीही त्यांच्यातच होती. माझ्या धाकट्या दिरांची मुलगी, भोकरदनकडच्या धावडा गावची. आमच्या वरच्या खोलीत राहायची, पोलीस भरतीची तयारी करायची, पहाटे मैदानावर पळायची. मला मोठ्याई म्हणायची.

त्या मुली बसायच्या तशा मी बायका बसलेल्या पाहिल्या नव्हत्या. मांडी घालून, एकीच्या पाठीला एक टेकून. ठेच्यावरून भांडायच्या, मोठ्यांदा हसायच्या, बूट काढून पायांना हवा लागू द्यायच्या. डबा संपला तरी उठायच्या नाहीत. हातात ना मेथी ना पिशवी.

मला ते बघवत नव्हतं. तेव्हा मी स्वतःला सांगायचे की काळजी वाटते, चार लोक बघतात, वातावरण बिघडतं. काळजी नव्हती ती. जळफळाट होता. याच शहरात मी सगळी नोकरी केली. बसस्टँडवर कायम कुठल्यातरी गाठोडंवाल्या बाईच्या आडोशाला उभी राहिले. कुठं टेकले तर साडी आवरून, बाकड्याच्या कडेला, उठायच्या तयारीत. आणि या काल आलेल्या पोरी पाय पसरून बसतात आणि त्यांना काही होत नाही!

हनुमान जयंतीच्या तयारीची बैठक होती. आमच्या मंडळाचे अध्यक्ष निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. प्रसादाचं ठरल्यावर त्यांनी घसा खाकरला. "त्या पोरींचं जरा बघायला पाहिजे. पण आपण पुरुष माणसं, आपण कसं बोलावं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बैठकीला मी एकटीच बाई होते.

मी म्हणाले, "त्यांना उठा म्हणायची गरजच नाही. बाकडी देवाकडं पाठ करून ठेवलीत, हेच मुळात चुकलंय. तोंड देवाकडं करा."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग गुरुजींना कळलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "वा मॅडम! साप बी मरला न् काठी बी शाबूत." सगळे हसले. मीही हसले. एवढी वर्षं नोकरीत मला कुणी वा म्हटलं नव्हतं. देवाचं नाव आल्यावर विरोध कोण करणार? आणि बाईनंच सुचवलं म्हटल्यावर तर बोलायलाच नको.

दोन दिवसांत बाकडी उचलून शेडच्या आत आली. तोंड मारुतीकडे, पाठ रस्त्याकडे. मारुतीपुढं पाय वर घेऊन कोण बसेल? कांदा फोडून भाकरी कोण खाईल? मुली एकदा आल्या, अवघडून बसल्या, शेंदराकडे बघत कसाबसा घास गिळला, आणि पुन्हा आल्या नाहीत. वर अभ्यासिकेच्या पत्र्याखालीच डबे खायला लागल्या. जे मला सुचलं नव्हतं तेही झालं. मेथीवाल्या बायकाही आल्या नाहीत. देवापुढं देठांचा कचरा कसा करणार, आणि सुनांच्या गोष्टी तरी कशा सांगणार? रस्त्याकडची बाजू मोकळी झाली. गुरुजी म्हणाले, बघा, किती शांत वाटतं. उरलेल्या वर्गणीतून एक कॅमेरा बसवला, खांबावर पाटी लावली, आपण कॅमेऱ्याच्या निगराणीखाली आहात. कॅमेऱ्याचं तोंड दानपेटीकडे.

थंडीचे दिवस होते, शनिवार. साडेसातची आरती. मी बाकड्यावर होते, शेजारी आमच्या समोरच्या घरातल्या काकू, मागच्या बाकड्यावर गुरुजी आणि आणखी दोघं. स्पीकर चालू होता. सगळ्यांची तोंडं मारुतीकडे, हात टाळ्यांना. आमच्या पाठीमागं दहा-बारा पावलांवर रस्ता.

नंतर ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना मी सांगितलं, स्पीकर मोठा होता हो, काही ऐकूच आलं नाही.

स्पीकर मोठा होता हे खरं आहे. आणि मला ऐकू आलं हेही खरं आहे.

एक मोटारसायकल हळू झाली ते ऐकू आलं. मग "मोठ्याई!" अशी हाक. आवाज मी ओळखला. माझ्या घरात राहणाऱ्या मुलीचा आवाज मी नाही ओळखणार? मला वाटलं, वरच्या खोलीची किल्ली विसरली असेल. आरती चाललीय हे दिसत नाही का हिला? थांबू दे जरा, थोडी रीत शिकू दे. मी मान वळवली नाही. उलट टाळ्या जोरानं वाजवल्या.

दोघं होते गाडीवर. तिची सॅक ओढली, ओढणी ओढली, ती पडली, कोपर सोलून निघालं. तिनं हातातला स्टीलचा डबा एकाच्या तोंडावर फेकला म्हणून ते पळाले. आरती संपून आम्ही वळलो तर ती शेडच्या खांबाला धरून उभी. गुडघ्याला माती, एका पायात चप्पल नाही.

"मोठ्याई, मी हाक मारली ना?"

"अगं स्पीकर..." मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बराबर आहे."

एवढंच. त्यानंतर तिनं ती गोष्ट माझ्याजवळ काढली नाही. पोलिसांत गेलो, त्यांनी कॅमेरा मागितला. कॅमेऱ्यात दानपेटी होती, निरांजनं होती आणि टाळ्या वाजवणारे आम्ही पाचजण होतो. रस्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी धावड्याहून दीर आले. मिरचीवाल्या टेम्पोत बसून आले होते, अंगाला मिरचीचा ठसका. पोरीचं कोपर बघितलं आणि म्हणाले, "बस झाली भरती. चल." पोरगी म्हणाली, माझं काय चुकलं? ते म्हणाले, "चुकायचं राहू दे. अंधाराचं बाहेर कामून फिरायचं?" साडेसात म्हणजे काही अपरात्र नव्हे, वर खांबावर दिवा होता. माझे यजमान म्हणाले, जाऊ दे, थोडे दिवस राहू दे गावाकडं. गुरुजी म्हणाले, आम्ही कॅमेरा लावलाय, आणखी काय करणार. आणि मी? मी चहा केला. चहा द्यायला बाहेर आले तेव्हा पोरगी दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती, मी काही बोलते का म्हणून. मी कपबशा गोळा करून आत गेले.

ती गेली. बिस्तरा, पुस्तकं वरच्या खोलीतच राहिली.

मधे बरेच दिवस गेले. आमच्याकडे आता सगळ्यांच्या तोंडी सुरक्षा हा शब्द आला होता. कुणी म्हणे भिंत उंच करू, कुणी म्हणे गेट लावून सातला कुलूप घालू. मी ऐकत राहायचे. ऑफिसातून येताना त्या रस्त्यावरून चालताना मला स्वतःलाच भीती वाटायला लागली होती. तोच रस्ता, तोच दिवा, वर कॅमेरा. मी मोबाईल कानाला लावून, पलीकडे कुणी नसताना, "हो हो, पोचलेच, दारातच उभे राहा" असं बोलत चालायचे. आधी असं कधी केलं नव्हतं. आधी समोर मेथीवाल्या बायका दिसायच्या.

मिरचीच्या हंगामात आम्ही धावड्याला निघालो. वाटेत गणपतीचं राजूर लागतं. चतुर्थी होती म्हणून दर्शनाला उतरलो. रांग मोठी होती, मी पायऱ्यांच्या कडेला बसले, आणि इकडेतिकडे बघता बघता लक्षात आलं, इथं बायका कशा बसल्यात! एक बाई उशाला गाठोडं घेऊन भर वाटेत झोपली होती. दोघीजणी पाय लांब करून शेंगा खात होत्या, टरफलं पदरात. एक पोरगी भिंतीला टेकून एकटीच येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघत होती. कुणी कुणाला विचारत नव्हतं कुठं निघाल्या, कुणासोबत आल्या. यजमान म्हणाले, देवाचं ठिकाण आहे, भीती कसली. मी म्हटलं, मारुती काय देव नाही? ते रांगेत जाऊन उभे राहिले. मला तेव्हाच कळलं की इथल्या बायकांना देव राखत नव्हता. देव आत होता, त्याला रांगेतून जाऊन बघावं लागत होतं. बाहेर त्या एकमेकींना बघत होत्या. तशा त्या तिथं बसणार, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं.

धावड्यात पोरगी अंगणात मिरच्यांचे देठ काढत होती. डोळे लाल. माझ्या पाया पडली, चहा दिला, बोलली जेवढ्यास तेवढं. जावेनं कानाशी येऊन सांगितलं, स्थळ येऊन राह्यलंय सिल्लोडकडचं, मुलाचं दुकान आहे. भरतीची जाहिरातही येणार होती, ते पोरीनं सांगितलं. "पळते का ग?" मी विचारलं. "रस्त्यानं पळत होते. लोक बोलले. बाबांनी बंद केलं." मग देठ काढता काढता, मान वर न करता म्हणाली, "जालन्यात त्या मेथीवाल्या काकू दिसायच्या ना, तवा मी चाल कमी करायचे. तिथून पुढं घरच आल्यासारखं वाटायचं."

मी तिच्यासमोर बसून देठ काढायला लागले. हात दोन दिवस भाजत राहिले. मनातलं बोलले नाही. तिथंही नाही.

परत आले आणि गुरुजींकडे गेले. म्हटलं, बाकडी परत रस्त्याकडे करायची.

"मॅडम, तुम्हीच तर..." ते म्हणाले.

"हो. मीच. चुकलं."

"पुढच्या बैठकीत विषय घेऊ."

"घ्या. तोवर मी फिरवते."

रविवारी सकाळी पहार घेऊन गेले. समोरच्या काकू दारातून बघत होत्या. "काय करून राह्यल्या वो?" म्हणत आल्या आणि कळल्यावर पदर खोचला. आम्ही दोघी पहार घालून उचकटतोय, बाकडं हलायला तयार नाही. काकू म्हणाल्या, "नाव लई जड आहे याच्यावरचं." तेवढ्यात आमचे यजमान बनियनवर आले. मला वाटलं आता घरात चल म्हणणार. ते म्हणाले, "पहार अशी लावतात का? पायावर पडलं म्हंजे?" आणि स्वतः खाली दगड सरकवून जोर लावला. एवढ्या वर्षांत माझ्या बाजूनं त्यांनी काही बोललेलं मला आठवत नाही. त्या दिवशीही बोलले नाहीत. ढकललं मात्र, आणि दोन्ही बाकडी परत दिव्याच्या खांबाखाली आली.

गुरुजी आले, मागं चारजण आले.

"देवाकडं पाठ? शनिवारी लोक काय म्हणतील?"

मी दमले होते. खाली बसले आणि म्हणाले, "गुरुजी, मारुतीचं तोंड कुणीकडे आहे?"

ते बघायला लागले.

"रस्त्याकडे आहे. गावोगाव तो वेशीवर असतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत असतो. तो जिकडे बघतो तिकडेच आम्ही बघू. त्याच्या पुढ्यात बसून त्याच्याच आड आलो होतो आपण."

"हे तुमचं शब्दांचं काम झालं, मॅडम. पाठ ती पाठच."

"मग असू द्या पाठ. पाप लागलं तर मला लागेल. आधीचंच एवढं आहे, त्यात हे मावेल."

गुरुजी अजूनही माझ्याशी धड बोलत नाहीत. बैठक झाली, ठराव झाला, बाकडी पूर्ववत करावीत. म्हणजे कशी, आधीच्या आधीसारखी की मधल्यासारखी, हे लिहायचं राहून गेलं. मी विचारायला गेले नाही.

फिरवणं सोपं होतं. बसणं अवघड गेलं. पहिल्या दिवशी मी ऑफिसातून आले, पर्स घरात ठेवली आणि रिकाम्या हातानं येऊन बसले. हात कुठं ठेवावेत कळेना. मांडीवर ठेवले, मग घडी घातली, मग पदराशी खेळले. पाच मिनिटांत तिघांनी विचारलं.

"मॅडम, किल्ली हरवली का?"

"नाही."

"साहेब यायचेत का?"

"घरातच आहेत."

"मंग?"

"बसले."

तो माणूस गाडी बंद करून दोन क्षण उभाच राहिला, बाई नुसती बसली यावर विश्वास बसेना त्याचा. दुसऱ्या दिवशी मी पाय वर घेतले. गुडघे दुखतात म्हणून नाही. घ्यावेसे वाटले म्हणून. काकू मेथी घेऊन आल्या, मी म्हटलं मेथी घरी ठेवा. त्या म्हणाल्या, "मंग मी करू काय इथं?" मी म्हटलं, "काही नका करू. बसा." त्यांना ते जमेना, आठ दिवसांनी मेथी परत आली, मीही मग निवडू लागले. असू दे. मेथीशी माझं भांडण नाही.

अभ्यासिकेतल्या मुली मात्र आल्या नाहीत. लांबून बघायच्या, वळून जायच्या. पहिल्यांदा बाकडी कुणी फिरवायला लावली होती हे त्यांना माहीत होतं. त्यांनी यावंच कशाला? मी त्यांना बोलावलं नाही. फक्त त्या घरी जायच्या वेळेपर्यंत बसून राहायचे, शेवटची मुलगी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत.

अशात एक दिवस दीर टेम्पो घेऊन आले. मोंढ्याच्या बाजारात मिरची टाकली आणि पोरीचं सामान न्यायला इकडे वळले. सिल्लोडचं जमत आलं होतं. पोरगी बांधाबांध करायला सोबत आलेली, ड्रायव्हरशेजारी बसलेली. दिवे लागले होते.

"वैनी, रस्त्यावर काय बसून राह्यल्या? चला घरात."

"भाऊजी, इथं बसा जरा. बोलायचं आहे."

"घरात बोलू ना."

"घरात माझ्याच्यानं होत नाही. इथंच."

ते बसले नाहीत. काकू उठायला लागल्या, मी त्यांचा हात धरून बसवलं. गुरुजी शेडमध्ये दिवा लावत होते. ऐकणाऱ्यांनी ऐकावं असाच आवाज मी काढला.

"त्या दिवशी मला ऐकू आलं होतं."

"काय?"

"हाक. तिनं मला हाक मारली, मला ऐकू आली, मी वळले नाही. आणि बाकडी आत घेऊन रस्त्याकडे पाठ करायची, हेही मीच सुचवलं होतं. या मुलींनी इथं बसू नये म्हणून. देवाचं नुसतं नाव केलं. ती अंधारात फिरली नाही, भाऊजी. रस्ता आम्ही रिकामा केला. तिचं काही चुकलेलं नाही. तिला घेऊन जाऊ नका."

गुरुजींच्या हातातली काडी विझली. मला वाटलं होतं, खरं सांगितल्यावर काहीतरी हलकं होईल. दीर म्हणाले, "मंग तं बिलकुल न्हाई ठेवत. घरच्या माणसानंच मान वळवली न्हाई तं कोणाच्या भरवशावर ठेवू इथं?"

बरोबरच होतं त्यांचं.

टेम्पोचं दार उघडलं. पोरगी खाली उतरली. काच खालीच होती, तिनं सगळं ऐकलं होतं.

"मला माहीत होतं," ती माझ्याकडे बघून म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुमच्या टाळ्या जोरात झाल्या होत्या, मोठ्याई."

मग बापाकडे वळली. "बाबा, मी यांच्या भरवशावर न्हाई राहत. यांच्या घरी बी न्हाई राहत. अभ्यासिकेच्या पोरींसोबत खोली घेते. भरती झाली तं झाली, न्हाई झाली तं मंग बोलू सिल्लोडचं."

"अन् रस्त्याचं?"

"रस्त्यानं मी चालन. मला सवय आहे. यांना बसू द्या बसायचं तं."

दीर टेम्पोच्या बोनेटवर हात ठेवून उभे होते. ड्रायव्हर म्हणाला, "दादा, जल्दी करा, भोकरदनपर्यंत रस्ता खराब आहे." शेवटी दीर म्हणाले, "सामान काढ तुझं."

वरच्या खोलीतून बिस्तरा मी खाली आणला. पुस्तकांचं खोकं यजमानांनी आणलं. अभ्यासिकेच्या मागच्या खोलीपर्यंत मी एक टोक धरलं, तिनं एक धरलं. दारात तिनं बिस्तरा माझ्या हातातून घेतला. "ठेवा, मोठ्याई. मी घेते." आत मुली होत्या, दार अर्धवट लोटलं गेलं. ती परत माझ्या घरी राहायला आली नाही. येणारही नाही. ते मला मान्य आहे, आणि त्यावरून मी कुणापुढं रडणार नाही. ती जालन्यात आहे. पहाटे पळते.

मी परत आले तेव्हा दीर टेम्पोत बसले होते. काच खाली करून म्हणाले, "वैनी, रोज बसता इथं?"

"रोज."

"मी येईन बघायला. कधीबी येईन. सांगून न्हाई येणार."

"या," मी म्हणाले. "लांबूनच दिसाल."